बाबांचा मागे येणारा हात

समस्त वाचकांना, आणि विशेषकरून ज्यांच्या घरात नणंद आणि भावजय सुखाने नांदतात अशी निदान अफवा तरी आहे त्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की या प्रकरणात एक राज्य बुडणार आहे. कमजोर काळजाच्या मंडळींनी आधी घोटभर पाणी पिऊन घ्यावे. राज्य मारेगावात होते. सिंहासन म्हणजे रंगाचा एक रिकामा, उपडा घातलेला डबा. त्यावर विराजमान होणारी महाराणी म्हणजे मी, कुंदा. फ्रॉक सुटून नुकती ओढणी अंगावर आलेली आणि ती ओढणी सदान्कदा कशात तरी अडकत असलेली. आणि माझी प्रजा म्हणजे स्क्रू. पत्र्याचे स्क्रू. हसू नका, लोकांनी याहून कमी कारणासाठी लढाया केल्या आहेत.

आमचे बाबा कूलर बनवायचे. आमच्याकडे उन्हाळा पाहुण्यासारखा येत नाही, घरमालकासारखा येतो. दार वाजवत नाही, सरळ आत येऊन पलंगावर बसतो. त्यामुळे होळी पेटायच्या आधीपासून आमच्या पुढच्या खोलीत पत्र्याचे तक्ते भिंतीला टेकून उभे राहायचे आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही माणसं जागा उरेल तशी राहायचो. सकाळी पत्रा कापायचा आवाज, मग वाकवायचा, मग ठोकायचा, मध्येच ड्रिल मशीनची किंचाळी. समोरच्या दुकानात सलीमचाचा पंख्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचे आणि भरलेली मोटार चालू करून कान लावून ऐकत बसायचे, तिची घरघर वेगळीच. आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. आई वरणाला फोडणी देताना जे ओरडायची ते भांडण नसून जेवायला बोलावणं आहे, हे नव्या माणसाला समजायला वेळ लागायचा. आजही मी फोनवर बोलते तेव्हा माझा नातू मोबाइल कानापासून वीतभर लांब धरतो. मी त्याला सांगते, बाळा, हा पत्र्याचा आवाज आहे, जन्मभर राहतो.

आता माझ्या पदाचं महत्त्व सांगते. कूलरचा सांगाडा उभा झाला की त्याच्या आतून पट्ट्या बसवायच्या असतात, पंख्याचं स्टँड, पंपाची क्लिप, जाळीच्या कडा. त्यासाठी बाबा कूलर आडवा टाकून त्याच्या पोटात अर्धे शिरायचे. डोकं आत, खांदे आत, उजव्या हातात पेचकस, आणि डावा हात तेवढा पाठीमागून बाहेर यायचा. तळहात वर, बोटं थोडी वाकलेली. तोंडाने काही मागायचे नाहीत, काही दिसायचंही नाही. त्या तळहातावर नेमका हवा तो स्क्रू ठेवायचा, हे माझं काम. कोणता हवा हे बाबा सांगत नसत. आतून पट्टी सरकल्याचा आवाज आला, कुठल्या बाजूला ते पाय रोवून बसलेत ते दिसलं, की ओळखायचं. स्क्रू बरोबर असला की पत्र्याच्या पोटातून, घुमून, मोठा होऊन आवाज यायचा, "हं." एवढंच. बाबांच्या कौतुकाच्या कोशात तो एकच शब्द होता आणि तो मी रोज कमवायचे.

आणि स्क्रू चुकला तर? तर तो हात एक क्षण थांबायचा, बोटं स्क्रू फिरवून बघायची, आणि मग न बोलता तो स्क्रू तसाच मागे भिरकवायची. तो थेट रस्त्यावर. मग मी उठून, ओढणी सावरत, सगळ्या गल्लीसमोर तो शोधून आणायचा. सलीमचाचा मोटारीवरून मान न उचलता म्हणायचे, "काय कुंदाबेटी, आज भी रोडपर?" त्या एका वाक्याच्या भीतीने मी जे शिकले ते कुठल्या शाळेने मला शिकवलं नाही.

शिकण्यासारखं पुष्कळ होतं. लोकांना वाटतं स्क्रू म्हणजे स्क्रू. लाकडात भरपूर मांस असतं, त्यात स्क्रू कुठेही रुततो. पत्र्याला मांसच नसतं. कागदाएवढ्या जाडीत स्क्रूला काय ते धरायचं असतं. बाबा म्हणायचे, "पातळ पत्रा म्हंजे तापट माणूस हाये, पोरी. जोर केला का फाटते, ढिला सोडला का वाजते." म्हणून पत्र्याला सेल्फ स्क्रू, टोकदार, ज्याचे आटे अंतराअंतरावर असतात तो, म्हणजे पत्र्याची कड दोन आट्यांच्या मध्ये जाऊन बसते. भोक स्क्रूपेक्षा अंमळ लहान. सारखं झालं की स्क्रू नुसता गरगर फिरतो आणि धरत काही नाही. डोकं खालून सपाट हवं, म्हणजे ते पत्र्यावर दाबून बसतं. ज्याचं डोकं आत बुडतं तो दाराच्या बिजागरीला शोभतो, पत्र्यात बुडायला जागाच कुठे असते? लांबीचं तर विचारूच नका. आतल्या पट्टीतून आणि कूलरच्या दुमडलेल्या कडेतून जाऊन दोन आटे पलीकडे दिसले पाहिजेत, पण बाहेरच्या अंगाला टोक निघता कामा नये, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याचा सदरा फाटतो आणि लेकरांच्या मांड्या. काळा स्क्रू पाण्याजवळ नको, गंजतो. हे सगळं मी एका स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात मांडून ठेवलं होतं. हळदीच्या वाटीत आखूड, तिखटाच्या वाटीत मध्यम, मोहरीच्या वाटीत जाड आणि आखूड, आणि मधल्या वाटीत कुठल्याच कामाचे नाहीत असे, रस्त्यात सापडलेले, जुन्या कपाटातून निघालेले. डोळे मिटून मी कुठल्याही वाटीत हात घालून सांगू शकत होते. ती वाटी माझी, तो डबा माझा, आणि बाबांचा तो मागे येणारा हात, तोही माझाच.

हिवाळ्यात दादाचं लग्न झालं. केळापूरकडची मुलगी, नाव रेखा. तिचे वडील गोदामांवर आणि गुरांच्या गोठ्यांवर टिनं टाकायचं काम करायचे. मला ती लग्नात आवडली होती, हे मुद्दाम नोंदवून ठेवते, मेंदी रंगलेले हात घेऊन ती खुदूखुदू हसत होती आणि माझ्या कानात म्हणाली होती, "कुंदाताई, तुमच्या दादाचे कान लय मोठे हायेत हो." इतकी छान सुरुवात! आल्यावर तिने पहिल्या आठवड्यात आंबाडीची भाजी केली, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाचं तेल. बाबांनी ताट पुसून खाल्लं. आईनेही खाल्लं आणि म्हणाली, "मीठ बरं हाये." आमच्या आईच्या तोंडून दुसरीच्या स्वयंपाकाबद्दल हे म्हणजे सोन्याचं पदक. मी तेव्हाही खुश होते. भाजीचं राज्य मला नकोच होतं.

मग तो दिवस आला. फाल्गुनातली सकाळ, बाबा कूलरच्या पोटात, मी डब्यावर. मला तहान लागली. माणसाला तहान लागते, त्यात त्याचा काय दोष? मी माठापाशी गेले, आणि वहिनी बाबांसाठी चहा घेऊन बाहेर आली. मी अजून पितच होते तेवढ्यात पुढच्या खोलीतून पत्र्यात घुमलेला आवाज आला. "हं" नव्हे. अख्खं वाक्य.

"शाबास, कुंदे! आता आला तुह्या हातात गुण!"

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. शाबास! जन्मात पहिल्यांदा! मी पाणी हनुवटीवरून ओघळत असतानाच धावत बाहेर गेले. वहिनी चहाचा कप एका हातात धरून माझ्या सिंहासनापाशी ओणवी झाली होती आणि तिचा दुसरा हात नुकताच बाबांच्या तळहातापासून मागे येत होता. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. शाबासकी माझ्या नावाने पडली होती, माझ्या नावावर राहिली असती. पण ती पडली सरळ स्वभावाची.

"मामाजी, मी देल्ला थो," ती म्हणाली. "कुंदाताई पाणी प्याले गेल्त्या."

कूलरच्या पोटात पेचकस एकदा फिरला. मग आतून आवाज आला, "हो का? मंग शाबास, सूनबाई."

म्हणजे माझी शाबासकी माझ्याकडून काढून तिला दिली! जगात असं कुठे घडलंय? वाढलेल्या ताटावरून पुरणपोळी उचलून शेजारच्या पानात? मी तिथे उभी, हनुवटीवरून पाणी ठिबकतंय, आणि ती माझ्याकडे बघून हसली. मैत्रीचं हसू होतं. मैत्रीच्या हसण्याइतकं जाळणारं दुसरं काही नसतं.

त्या दिवसापासून मी जळायला लागले ती अशी, की सलीमचाचांनी त्यावर मोटार चालवली असती. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच्या हाताने दुसरा रंगाचा डबा उपडा घातला, माझ्या डाव्या हाताला, आणि वर गोणपाटाची घडी ठेवली. गोणपाटाची घडी! मी इतकी वर्षं उघड्या टिनावर बसत होते. माझ्या अंगावर त्या डब्याच्या कडेची गोल खूण कायमची उठली होती. वहिनी दुपारचं काम उरकून येऊन बसायची, आणि बाबांचा हात, मी नीट बघत होते, आधी सरळ मागे यायचा तो हळूहळू डावीकडे झुकायला लागला. झाड उन्हाकडे झुकतं तसा. मी तिच्यात दोष शोधायला लागले. ती स्क्रू चिमटीत धरायची, मी तीन बोटांत. चिमटीत धरणं उथळपणाचं लक्षण ठरवून टाकलं. तिच्या बांगड्या वाजायच्या, त्याने बाबांचं लक्ष विचलित होतं असं मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मले कायले सांगून राह्यली? माहा काय संबंध तुमच्या टिनाशी?" आणि भाकर तव्यावर अशी आपटली की पीठ उडालं. संध्याकाळी कधीकधी ती हात पुसत दारात येऊन उभी राहायची, आम्हा तिघांकडे बघत, आणि मग तशीच आत जायची. मला वाटायचं, जेवायला बोलवायला आली असेल.

दादाला या सगळ्याची भारी मजा. तो ठेल्यावर कूलर घालून गावोगाव पोचवायचा, आणि घरी आला की उंबऱ्यात उभा राहून विचारायचा, "काय म्हंते लढाई? एक देव आन् दोन पुजारी!" मी त्याला त्याच्या कानांवरून बोलले. वहिनी हसली. म्हणजे तेही हत्यार तिचंच निघालं.

मी दुपारी सगळे निजले की डबा घेऊन बसायचे आणि डोळे मिटून सराव करायचे. हळद, तिखट, मोहरी. हळद, तिखट, मोहरी. माझी बोटं इतकी तयार झाली की आजही हार्डवेअरच्या दुकानात गेले की माझा हात आपोआप खोक्यात शिरतो. गेल्या उन्हाळ्यात यवतमाळला आमच्याकडे प्लॅस्टिकचा नवा कूलर आणला. सगळा खटक्यांवर बसतो, एक स्क्रू नाही. मी त्याच्याकडे बघत बसले, दात नसलेल्या माणसाकडे बघावं तशी.

पण सरावाने मला काय वाचवावं, त्या वर्षी पत्राच बदलून आला. बाबा ज्याच्याकडून तक्ते आणायचे त्याने हेच चालू झालंय म्हणून पातळ माल दिला. एक टोक धरून उचलला की पापडासारखा थरथरायचा. पहिलाच स्क्रू मी दिला, हळदीच्या वाटीतला, नेहमीचा. आतून पेचकस फिरल्याचा आवाज आला. फिरला, फिरला, फिरतच राहिला. स्क्रू सुसाट, पकड शून्य. हात मागे आला, स्क्रू रस्त्यावर. मी एका नंबरने जाड दिला. कर्रर्र आवाज झाला आणि पत्रा फाटला. तोही रस्त्यावर. बाबा घामाने निथळत आतून ओरडले, "कुंदे, डोये फुटले का? फिरून राह्यला न थो!" आता डोळे माझे फुटले की पत्रा पातळ आला? पण न्याय कोण करणार? मी रस्त्यावर ओणवी, स्क्रू शोधतेय, सलीमचाचांनी या वेळी मोटार बंदच करून टाकली, नीट बघता यावं म्हणून.

तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, अगदी चहा हवा का विचारावा तसा. "मामाजी, भोक ड्रिलनं पाडूच नोका न. खिळ्यानं टोचा."

"खिळ्यानं?" कूलर बोलला.

"आमचे बाबा पातळ टिनाले असंच करते. ड्रिल मारला का तेवढा पत्रा उडूनच जाते, मंग स्क्रू धरन कायले? खिळ्यानं टोचला का पत्रा उडत नाही, आत दुमडते. बारीकसा ओठ होते भोकाले. मंग स्क्रू थ्या ओठाले धरते."

मी रस्त्यावरूनच ओरडले, "थो ओठ हात कापन कोणाचा! धार राह्यते त्याले!"

"कोणाचा कापन, ताई?" ती म्हणाली. "थो त दुमडीच्या पोटात राह्यते. तथी कोण हात घालते?"

बाबा हसले. पत्र्याच्या पेटीत हसलेलं हसू तुम्ही ऐकलं आहे का? ते दहा माणसांचं असतं. मग खिळ्यावर हातोडीचा एक टोला, हात मागे, डावीकडे, हळदीच्या वाटीतला तोच माझा स्क्रू तिच्या चिमटीतून त्यांच्या तळहातावर, आणि पेचकसाचा आवाज. फिरला, फिरला, आणि कच्चकन धरला. स्क्रू धरतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. जड होतो, भरलेला होतो. मी रस्त्यावर उभी राहून तो ऐकला. आणि खरं सांगते, मला तो आवाज आवडला. म्हणूनच इतका राग आला.

"हं," बाबा म्हणाले. "आता जमलं."

तेव्हापासून स्वयंपाकघरातून मला हाका यायला लागल्या आणि पुढच्या खोलीतून वहिनीला. मला कोथिंबीर निवडायला, तिला स्क्रू. मी निवडलेल्या कोथिंबिरीत त्या दिवसांत इतक्या काड्या असायच्या की दादा म्हणाला, ही भाजी आहे की सरपण. हे सगळं वहिनी आजही फोनवर रंगवून सांगते. आता ती स्वतः सासू आहे, गुडघे दुखतात, पण बाबांचा लाकडी मुठीचा पेचकस तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही, आणि ती अधूनमधून कारण नसताना त्याचा विषय काढते. "ताई, काल थोच पेचकस घेतला हो मिक्सरसाठी." मी म्हणते, "हो का? बरं झालं." आणि फोन ठेवून पाणी पिते.

आता शेवटच्या लढाईकडे येऊ. आमच्या घरची एक रीत होती. होळी झाली की मोसमातला पहिला कूलर घरात नाही, बाहेर ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर जोडायचा. शेजारीपाजारी सतरंजी टाकून बसायचे. आई कैरीचं पन्हं आणि मुरमुऱ्यांचा चिवडा करायची. शेवटचा स्क्रू बसला की टाकीत पाणी भरायचं, जाळीतला घास, म्हणजे गवत, भिजवायचा, आणि ज्याच्या हातचे स्क्रू त्या कूलरला लागले त्याने बटन दाबायचं. पहिली गार झुळूक त्याच्या तोंडावर. मला आठवतं तेव्हापासून ते बटन मी दाबत आले होते. लग्न करून मुली घर सोडतात म्हणून रडतात. मी त्या बटनाकडे बघून रडले असते.

त्या वर्षी ते बटन मी दाबलं नाही. आणि आधीच सांगून टाकते, वहिनीनेही नाही.

बाबांना अर्थात घरातला धूर दिसत होता. पहिल्या कूलरच्या दिवशी ते ओट्यावर उभे राहिले, गळ्यात मापाची टेप, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दोघीही बसा. शेवटचा स्क्रू जिचा, बटन तिचं." आणि पोटात शिरले. सलीमचाचांनी टाळ्या वाजवल्या. दुकान बंद करून आले होते ते, मोटारीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. दादा चिवड्याची परात घेऊन मध्यभागी बसला. मी उजव्या डब्यावर, वहिनी डाव्या, गोणपाटाच्या घडीवर, मध्ये मसाल्याचा डबा. दुपारचं ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं होतं आणि पत्रा इतका तापला होता की बाबांनी पाठीवर ओलं पोतं घेतलं होतं.

हात यायचा, मी ठेवायचे. हात यायचा, ती ठेवायची. "हं." "हं." एकही स्क्रू रस्त्यावर गेला नाही. गल्लीतल्या बायका आधी गप्पा मारत होत्या, मग त्याही पुढे सरकून हात बघायला लागल्या. पंख्याचं स्टँड बसलं, पंपाची क्लिप बसली, जाळीच्या कडा बसल्या. मग राहिला समोरचा वरचा कोपरा, बटनाच्या खालचा, आणि हात शेवटचा म्हणून बाहेर आला. तळहात वर, बोटं थोडी वाकलेली.

मी तिखटाच्या वाटीतला उचलला. वहिनीने हळदीच्या वाटीतला. आणि दोघी थांबलो, कारण दोघींनी एकमेकींचा पाहिला.

"तथी तीन थर येते," मी कुजबुजले. "पट्टी, दुमड आन् समोरची चौकट. आखूड पुरणार नाही."

"ताई, दुमडीतून बटनाची वायर गेली हाये," ती कुजबुजली. "लंबा देल्ला त वायरीत घुसन. करंट उतरन कूलरमंदी."

"वायर खालतून गेली."

"वरतून गेली. मी सोता पायली, तुमच्या दादानं टाकली."

"माहा दादा वायर वरतून टाकतच नाही!"

"माह्या नवऱ्यानंच टाकली न ताई!"

आता आमचं कुजबुजणं कुजबुजणं राहिलं नव्हतं. मी तिचा हात धरला, तिने माझा. माझ्या तीन बोटांत माझा स्क्रू, तिच्या चिमटीत तिचा, बांगड्यांचा खळखळाट, आणि खरं सांगायचं तर दोघीही बरोबर होतो: थर तीनच होते आणि वायर वरूनच गेली होती. दादाला विचारावं म्हणून मी वळले तर तो तोंडभर चिवडा घेऊन नजर चुकवत होता. आणि इकडे बाबांचा हात तसाच बाहेर. रिकामा. बोटं एकदा हलली, दोनदा हलली. "अव पोट्ट्याहो!" कूलरच्या पोटातून आवाज आला, "आत भाजून राह्यलो न मी!"

आणि त्या हातावर स्क्रू पडला.

मी टाकला नाही. वहिनीने टाकला नाही. आमच्या दोघींचे हात अजून एकमेकींत गुंतलेले होते. बाबांची बोटं मिटली, त्यांनी स्क्रू फिरवून पाहिला, आणि बाबांची पाठ ताठ झाली. मी मान वर केली तेव्हा मला त्यांच्या बोटांत पिवळं काहीतरी चमकताना दिसलं. मधल्या वाटीतला होता तो. पितळी, जाडजूड, बुडत्या डोक्याचा, कुठल्याशा कपाटाच्या बिजागरीतून निघालेला लाकडाचा स्क्रू. पातळ पत्र्यासाठी याहून चुकीचा स्क्रू अख्ख्या जिल्ह्यात सापडला नसता. पण अख्ख्या डब्यात सगळ्यात देखणा तोच होता.

बाबा कूलरमधून उलटे बाहेर निघाले, लाल झालेले, केसांत पत्र्याचा कीस. "हा कोणं देल्ला?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. वहिनीने मान हलवली. सगळी गल्ली आमच्या मागे बघत होती म्हणून आम्हीही वळलो. आमच्या दोघींच्या मधोमध, पन्ह्याचे पेले मांडलेलं तबक एका हातावर तोलून, आई उभी होती. तिचा दुसरा हात अजून पुढेच होता आणि तिचे कान लाल झाले होते, नव्या नवरीचे होतात तसे.

बाबांना ते समजलंच नाही. सवयीने त्यांचा हात वर गेला, स्क्रू रस्त्यावर भिरकवायला, आणि ते म्हणाले, "एवढंही समजत नाही का, हा लाकडाचा—"

"फेकू नोका थो!" आई ओरडली, आणि तबकातले पेले एकमेकांवर वाजले. "म्या देल्ला! या घरात आली तवापासून तुमचा हा हात पाहून राह्यली मी! पोरीकडे जाते, सुनेकडे जाते, कवा तरी माह्याकडे आला का हो?"

बाबांचा वर गेलेला हात खाली आला, आणि त्या वर्षीचं बटन आईने दाबलं.